सर्व्हरची डिस्क कोण दाबून बसलंय? रेड हॅट लिनक्सवर कर्नल (सिस्टीमचा गाभा) न बदलता असं शोधा

सर्व्हर रेंगाळतोय, सीपीयू रिकामा आहे आणि टॉप या कमांडमध्ये ‘डब्ल्यूए’चा (डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा) आकडा वर गेलाय, म्हणजे डिस्कपाशी कुणीतरी अडकलंय, पण कोणामुळे ते टॉप सांगत नाही. अशा वेळी, जुन्या कर्नलमध्ये हे मोजता येत नाही म्हणून नवीन कर्नल कंपाइल करून टाकायचा सल्ला मिळतो, तो प्रॉडक्शनवर (चालू कामाच्या सर्व्हरवर) अजिबात ऐकू नका. स्वतः बनवलेल्या कर्नलला रेड हॅटचा सपोर्ट नसतो. सपोर्टचे पैसे भरायचे आणि ऐन अडचणीत सपोर्टच गमवायचा, असं कशाला?

प्रोसेसनिहाय आयओ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं) मोजायची सोय मूळ लिनक्समध्ये २.६.२० ला आली आणि रेड हॅट ५ चं कर्नल २.६.१८ होतं, गोंधळ तिथून सुरू झाला. पण रेड हॅट नवीन गोष्टी जुन्या कर्नलमध्ये बॅकपोर्ट करतं, म्हणजे मागे नेऊन बसवतं, त्यामुळे आकड्यावर जाऊ नका, प्रॉक फोल्डरमध्ये पीआयडीच्या (प्रोसेसच्या नंबरच्या) फोल्डरात ‘आयओ’ नावाची फाइल आहे का ते बघा. रेड हॅट ६ पासून पुढे काळजी नाही.

१. आधी डिस्क ओळखा. सिसस्टॅट पॅकेज टाका, आयओस्टॅट मायनस एक्स ५ सेकंदांच्या अंतरानं चालवा. पहिला रिपोर्ट बूट झाल्यापासूनची सरासरी असतो, तो सोडून द्या.

२. मग पिडस्टॅट मायनस डी, तेही ५ सेकंदांनी. कोणती प्रोसेस सेकंदाला किती केबी वाचते-लिहिते ते सरळ समोर येतं. रूटनंच चालवा, नाहीतर दुसऱ्या युजरच्या प्रोसेसचे आकडे मिळत नाहीत.

३. संशय आला की त्या प्रोसेसची ‘आयओ’ फाइल कॅट कमांडनं वाचा, १० सेकंदांनी परत करा आणि वजाबाकी करा. इथे बरेच जण फसतात, कारण ‘आरकॅर’चा (प्रोसेसनं एकूण वाचलेल्या बाइट्सचा) आकडा प्रचंड दिसतो पण त्यात कॅशमधून वाचलेलंही येतं, डिस्कला हातसुद्धा लागलेला नसतो. खरा आकडा ‘रीड बाइट्स’चा. ‘राइट बाइट्स’ मात्र मेमरीतलं पेज डर्टी झालं (बदललं, पण डिस्कवर गेलेलं नाही) तेव्हाच प्रोसेसच्या नावावर पडतात, डिस्कवर नंतर कर्नलचा थ्रेड लिहितो. आणि टेम्प फाइल लिहून डिस्कवर जायच्या आधीच उडवली तर ते बाइट्स ‘कॅन्सल्ड राइट बाइट्स’मध्ये जातात, ते वजा करायला विसरू नका.

४. टॉपसारखंच पण आयओ दाखवणारं आयओटॉप आवडत असेल तर मायनस ओपीए लावा (त्यात फक्त पी कॅपिटल), फक्त आयओ करणाऱ्या प्रोसेस आणि त्यांची एकूण बेरीज दिसते. रेड हॅट ९ वर आयओ टक्केवारीचा कॉलम चालत नसेल तर सिसकंट्रोलनं ‘टास्क डिलेअॅक्ट’ १ करा, ५.१४ कर्नलपासून ते डिफॉल्टनं बंद असतं.

५. रेड हॅट ८ किंवा ९ असेल तर बीसीसी टूल्समधलं बायोस्नूप एकेक रिक्वेस्ट आणि तिला लागलेला वेळ दाखवतं. राइटसमोर ‘केवर्कर’ (कर्नलचा थ्रेड) दिसलं तर त्याच्या मागे लागू नका, तो फक्त पोचवतोय, मूळ लिहिणारा पिडस्टॅटमध्येच सापडेल. पीआयडी हातात आला की एलएसओएफ मायनस पी करून त्यानं कोणत्या फाइल उघडल्यात ते बघून घ्या.