बार चार्टमधले टप्पे आणि रंग: सीमा एकाच जागी लिहा

सकाळचा डिस्क रिपोर्ट मी बनवतो. बारा सर्व्हर, बारा बार, कोणाची डिस्क किती टक्के भरली एवढंच. हे काम नवं नवं असताना एका सोमवारी वरिष्ठांचा फोन आला, "अरे, सगळ्याच डिस्क भरल्या की काय?" चार्ट उघडला तर खरंच बाराच्या बारा बार छताला टेकायला आलेले. आकडे मात्र ११ ते १४ टक्के. नवीन डिस्क आदल्या दिवशीच बसवल्या होत्या. अक्ष कुठे संपवायचा हे मी मॅटप्लॉटलिबला (चार्ट काढणारी पायथनची लायब्ररी) सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याने सगळ्यात मोठा आकडा बघितला आणि त्याच्या जरा वर अक्ष संपवला. त्याची काही चूक नाही.

उपाय एका ओळीचा: चार्टच्या ॲक्सीज ऑब्जेक्टवर सेट_वायलिम(०, १००), म्हणजे उभा अक्ष ० ते १००. (कोडमधली नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, फाईलमध्ये ती रोमनमध्येच लागतील. गंमत म्हणजे पायथन ३ मध्ये चलांची स्वतःची नावं देवनागरीत चालतात, 'सीमा' नावाची यादी बिनदिक्कत करता येते. आकडे मात्र नेहमीचेच हवेत.)

रेंज ठरवताना आजचा डेटा बघू नका, मोजतोय काय ते बघा. टक्क्यांना ० ते १०० ही नैसर्गिक चौकट आहे. रिस्पॉन्स टाइमला (सर्व्हर उत्तर द्यायला घेतो तो वेळ) वरची मर्यादाच नसते, तिथे मी शेवटच्या धोक्याच्या सीमेच्या दीडपट घेतो. एखादा आकडा त्याच्याही वर गेला तर बार गुपचूप कापला जातो आणि बघणाऱ्याला कळतही नाही. म्हणून बारची उंची अक्षाच्या टोकापर्यंतच ठेवतो, त्याला हॅचच्या तिरक्या रेघा देतो आणि खरा आकडा टोकाशी लिहितो.

खालचं टोक शून्यच. यावर माझं लोकांशी भांडण होतं, होऊ दे. ९२ आणि ९५ असे दोन आकडे घ्या आणि अक्ष ९० पासून सुरू करा. एका बारची उंची उरते २, दुसऱ्याची ५. म्हणजे तीन टक्क्यांचा फरक डोळ्यांना अडीचपट दिसतो. बार लांबीने बोलतो, त्याचा पाय कापला की तो खोटं बोलतो. बारीक फरकच दाखवायचा असेल तर ठिपक्यांचा चार्ट काढा, तिथे जागा बोलते, लांबी नाही. किंवा एखाद्या उद्दिष्टापासूनचा फरक हवा असेल तर बार फंक्शनच्या बॉटमला (बार जिथून सुरू होतो तो आकडा) ते उद्दिष्ट द्या. फक्त तेव्हा उंची म्हणून मूळ आकडा द्यायचा नाही, आकडा वजा उद्दिष्ट द्यायचं. बॉटम ८० आणि उंची ९५ दिलीत तर बार १७५ वर जाऊन थांबेल. हे मी केलेलं आहे.

आता रंग. ७० च्या खाली ठीक, ७० पासून लक्ष ठेवा, ९० पासून धोका, असे आमचे तीन टप्पे. पहिल्या आवृत्तीत मी इफ-एलिफची ("असं असेल तर हा रंग, नाहीतर तो") साखळी लिहिली होती आणि लिजंडमधला (कोणता रंग कशाचा ते सांगणारी चौकट) मजकूर हाताने टाइप केला होता. एक दिवस एक डिस्क बरोब्बर ९० वर आली. लिजंड म्हणत होता "९० आणि वर: धोका", बार मात्र नारिंगी. साखळीत मी "९० पेक्षा मोठा" लिहिलं होतं, "मोठा किंवा समान" नाही. एकाच नियमाची दोन रूपं दोन जागी लिहिली की ती कधीतरी फारकत घेतातच.

तेव्हापासून सीमा फाईलमध्ये एकदाच लिहितो: सीमा = [७०, ९०]. तिच्याखाली रंगांची यादी, सीमांपेक्षा एकाने जास्त. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या डिजिटाइझ फंक्शनला आकडे आणि सीमा दिल्या की प्रत्येक आकड्याचा टप्पा मिळतो. ते काय करतं, तर आकड्याइतक्या किंवा त्याहून लहान सीमा किती, हे मोजतं. ४२ ला एकही नाही, उत्तर ०. ७० ला एक, उत्तर १. ८९.९ ला पण १. ९० ला २. हेच उत्तर रंगांच्या यादीतला क्रमांक म्हणून वापरायचं, आणि बार फंक्शनच्या कलरला प्रत्येक बारसाठी एक अशी रंगांची यादी द्यायची.

पांडाज ही तक्त्यांची लायब्ररी वापरणाऱ्यांनी इथे सावध राहा. त्याच्या कट फंक्शनमध्ये मुळात उजवी कड टप्प्यात धरलेली असते, म्हणजे नेमका ९० खालच्या टप्प्यात पडतो, डिजिटाइझच्या बरोबर उलट. राइट=फॉल्स दिलं की दोघं जुळतात. एका रिपोर्टात तक्ता कटने आणि चार्ट डिजिटाइझने केला असेल तर भांडण ठरलेलं.

दुसरा खड्डा गोल करण्याचा. आकडा ८९.९६, बारवर छापला ९०.०, रंग नारिंगी. "९०.० नारिंगी कसा?" हा प्रश्न येणारच. माणसांनी वाचायच्या चार्टमध्ये मी जो आकडा छापतो त्यालाच रंग देतो, म्हणजे आधी गोल, मग टप्पा. आपोआप जाणारे अलर्ट मात्र मूळ आकड्यावर.

तिसरा खड्डा सगळ्यात चोरटा. एखाद्या सर्व्हरकडून आकडाच आला नाही आणि त्या जागी नॅन ("आकडा नाही" अशी खूण) बसला, तर डिजिटाइझ त्याला सगळ्यात वरच्या टप्प्यात टाकतं, कारण क्रम लावताना नमपाय नॅनला सर्वांत मोठं धरतं. बार तर दिसत नाही, पण खाली "धोक्यात: ३" असं मोजून लिहिलं असेल तर त्यात तो गुपचूप मोजला जातो. म्हणून आधी इझनॅनने असे आकडे बाजूला काढा आणि त्या जागी करड्या अक्षरांत "माहिती नाही" लिहा.

मॅटप्लॉटलिबच्या लिस्टेडकलरमॅप (रंगांची यादी) आणि बाउंडरीनॉर्म (आकडा कोणत्या टप्प्यात ते ठरवणारा) या जोडीनेही हे काम होतं. शेजारी रंगपट्टी हवी असेल तेव्हा ती बरी. तिला दोन्ही टोकं धरून सीमा लागतात, [०, ७०, ९०, १००] आणि रंग तीन. मात्र नेमका १०० हा आकडा तिच्या हिशेबात रेंजच्या बाहेर जातो. वरच्या बाहेरच्यांसाठी वेगळा रंग ठेवला असेल तर पूर्ण भरलेल्या डिस्कला तोच लागतो. साध्या बारसाठी मी या भानगडीत पडत नाही.

रंग कोणते? हिरवा-पिवळा-लाल हा पहिला विचार सगळ्यांचाच. पण उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, आणि इतरत्रही अशी माणसं आहेतच. मी ओकाबे-इतो या रंगांधळ्यांनाही ओळखू येतील अशा रंगांच्या संचातले तीन घेतो (कंसात लाल, हिरवा, निळा यांची मात्रा, ० ते २५५): आकाशी (८६, १८०, २३३), नारिंगी (२३०, १५९, ०), शेंदरी (२१३, ९४, ०). मॅटप्लॉटलिबला हे आकडे ० ते १ मध्ये हवे असतात, तेव्हा २५५ ने भागून द्या, नाहीतर तो सरळ एरर देतो.

लिजंड हाताने लिहायचा नाही. त्याच सीमांच्या यादीवर लूप फिरवून प्रत्येक टप्प्याचा एक पॅच (रंगाचा छोटा चौकोन) आणि त्याचा मजकूर तयार करा. त्याच लूपमध्ये ॲक्सएचलाइनने प्रत्येक सीमेवर तुटक रेघ मारली की रंग न दिसणाऱ्यालाही टप्पा कळतो. आकडे बारवर लिहायला ३.४ आवृत्तीपासून बार_लेबल आहे, त्याआधी हे काम टेक्स्टने एकेक करून करावं लागायचं.

मराठी नावं टाकायची असतील तर मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, नुसते चौकोन दिसतात. देवनागरी फॉन्ट दिल्यावरही माझ्याकडच्या आवृत्तीत पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते, म्हणून चार्टवर सर्व्हरचे क्रमांक ठेवतो आणि नावं खालच्या तक्त्यात देतो.

चार्ट रोजच्या कामाला लावण्याआधी मी त्याला सात बनावट आकडे देतो: ०, ६९.९, ७०, ८९.९६, ९०, १०० आणि एक नॅन. आकडा एका दशांशापर्यंत गोल करतो, त्यामुळे दोन बार आकाशी, एक नारिंगी, तीन शेंदरी आणि एक "माहिती नाही" असं दिसायला हवं. पहिला आकाशी बार शून्य उंचीचा, म्हणून तो डोळ्यांना नाही, त्याच्या लेबलवरूनच कळतो.