ओपीडी फुल्ल, तरी पगाराला पैसे नाहीत? छोटं हॉस्पिटल चालवणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या गावात 20-30 बेडचं हॉस्पिटल चालवणारे बरेच डॉक्टर सध्या याच कात्रीत आहेत, पेशंट भरपूर, दिवसरात्र धावपळ, आणि 1 तारीख जवळ आली की ओव्हरड्राफ्ट. कारण आता रोख देणारा पेशंट कमी झालाय, इन्शुरन्स आणि सरकारी योजनेचा वाढलाय, म्हणजे काम आज आणि पैसे नंतर. ही गोष्ट चांगलीच आहे, गरीब माणसाला दागिने मोडावे लागत नाहीत, पण आपल्याला हॉस्पिटल चालवायची पद्धत बदलावी लागणार.

पहिलं काम, एका बेडचा एका दिवसाचा खर्च काढा. औषधं, इम्प्लांट आणि व्हिजिटिंग डॉक्टरांची फी बाजूला ठेवा, बाकी सगळं धरा, पगार, लाईट, ऑक्सिजन, लाँड्री, हप्ते, आणि हो, तुमचा स्वतःचा पगार पण धरा, तो कुणीच धरत नाही. समजा 30 बेड आहेत, सरासरी 60 टक्के भरतात, म्हणजे महिन्याला 540 बेड-दिवस झाले. खर्च साडेतेरा लाख असेल तर दिवसाला 2500 रुपये. आता योजनेचं पॅकेज, म्हणजे त्या उपचाराला मिळणारी ठरलेली रक्कम, समोर ठेवा आणि पेशंट चार दिवस राहिला तर काय उरतं ते बघा. महात्मा फुले योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेत, जेवण, तपासण्या, डिस्चार्जनंतरचे 10 दिवस फॉलोअप सगळं त्याच पॅकेजमध्ये येतं हे विसरू नका. हा हिशोब न करता एम्पॅनलमेंट घेणं, म्हणजे योजनेच्या यादीत हॉस्पिटल घालणं, म्हणजे डोळे झाकून विहिरीत उडी, आणि हिशोब न करता योजना नाकारणंही तितकंच चुकीचं, कारण 5 लाखांचं कव्हर आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, गावातला पेशंट आधी तेच विचारणार.

दुसरं, क्लेमसाठी एक माणूस नेमा, फक्त तेवढंच काम. रिसेप्शनवरची मुलगी सावकाश बघेल असं चालत नाही. क्लेम अडकतो तो बहुतेक वेळा साध्या गोष्टींवर, इनडोअर पेपरवर (भरती पेशंटच्या उपचारांच्या नोंदीवर) वेळ नाही, सही नाही, रिपोर्ट जोडलेला नाही. त्यामुळे फाईल डिस्चार्जच्या दिवशीच पूर्ण करायची, आणि दर सोमवारी यादी बघायची, 30 दिवसांच्या वरचे किती, 60 च्या वरचे किती, 90 च्या वरचे किती, कुठल्या टीपीएने (इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या एजन्सीने) किती कापले. इन्शुरन्सच्या पेशंटला कॅशलेस मंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असं विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने 2024 मध्ये सांगितलंय, उशीर झाला तर ईमेलवर लेखी विचारा, फोनवर भांडून हाती काही लागत नाही. आणि दोन महिन्यांचे पगार वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. एकदम जमणार नाही, दर महिन्याला थोडं थोडं टाकत जा.

आता सिस्टर लोकांचं. माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे, मशीन कर्जावर मिळतं, शिकलेली सिस्टर मिळत नाही. त्या पुण्या-मुंबईला जातात, आखातात जातात, आता जर्मनीचंही दार उघडतंय, आणि का जाऊ नये? सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने 2016 मध्येच सांगितलं होतं की 50 पेक्षा कमी बेडच्या खाजगी हॉस्पिटलमध्येही नर्सला किमान 20 हजार मिळायला हवेत, आपण किती देतो ते प्रामाणिकपणे बघा. पगार वाढवायला वेळ लागेल, पण पगार तारखेला देणं, नाईटला लागून परत डे ड्युटी न लावणं, ड्युटी चार्ट महिना सुरू व्हायच्या आधी लावणं, नातेवाईक अंगावर आले की मालकाने स्वतः पुढे उभं राहणं, हे उद्यापासून जमतं. मावशी आणि वॉर्डबॉयलाही मीटिंगला बसवा, वॉर्डात खरं काय चाललंय ते त्यांना माहीत असतं.

पैसे वाचवायचे म्हणून फायर ऑडिट आणि वायरिंग पुढे ढकलू नका. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत 10 बाळं गेली, त्यानंतर यावर वाद घालायला जागाच राहत नाही. त्यापेक्षा औषधांचा स्टॉक बघा, एक्सपायरी किती जाते, एकाच मॉलिक्यूलचे (मूळ औषधाचे) पाच ब्रँड कशाला ठेवलेत, पैसे तिथे सापडतात.

शेवटचं, बिलाबद्दल आधीच बोला. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं राज्याच्या 2021 च्या नर्सिंग होम नियमांनी बंधनकारक आहेच, पण भिंतीवरचं कोण वाचतंय, ॲडमिशनलाच अंदाज कागदावर लिहून नातेवाइकाची सही घ्या, आणि खर्च वाढणार असं दिसलं की त्याच दिवशी सांगा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.