कोकरू झेंडा घेऊन कुठं निघालंय? जुन्या युरोपियन भट्टीच्या टाइल्स कशा वाचायच्या

परवा निफाडचा पारा घसरला, आमच्याकडं पंचवटीत शेगडी बाहेर निघाली आणि शेकता शेकता मी आत्याला मोबाईलवर मध्ययुगीन युरोपातल्या घर तापवायच्या भट्ट्यांचे फोटो दाखवत बसलो. एका टाइलवर कोकरू, पायात झेंड्याची काठी. आत्या म्हणे, "अरे हे कुठल्या मोर्चाला निघालंय?" तिला जे सांगितलं तेच इथं टाकतोय.

आधी भट्टी समजून घ्या. सुरुवातीला मातीच्या भिंतीत वाडग्यासारखी भांडी तोंड बाहेर करून बसवायचे, कारण पृष्ठभाग वाढला की ऊब जास्त मिळते. चौदाव्या-पंधराव्या शतकात उठावाचं नक्षीकाम असलेल्या सपाट टाइल्स जोरात आल्या, माती साच्यात दाबून, आपले गणपती करतात तसंच, वर बऱ्याचदा हिरवं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर. हे ग्लेझ फोटोत फार चमकतं, म्हणून फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, उठाव लगेच कळतो.

मग चेहरा सोडा, हातात काय आहे आणि पायाखाली काय आहे ते बघा. शंख-चक्र दिसलं की आपण विष्णू म्हणतो ना, तसंच. किल्ल्या म्हणजे संत पीटर, काटेरी चाक म्हणजे कॅथरीन, मनोरा म्हणजे बार्बरा, घोड्यावरून ड्रॅगनला भाला मारतोय तो जॉर्ज. आत्याचं कोकरू म्हणजे बळी गेलेला आणि पुन्हा उठलेला येशू, झेंडा त्या विजयाचा.

पक्ष्यांच्या बाबतीत मी स्वतः फसलोय. एक पक्षी चोचीनं स्वतःची छाती फोडतोय, खाली पिल्लं आ वासून, मी खुशाल गरुड म्हणून सेव्ह केला! तो पेलिकन निघाला. पिल्लांना स्वतःचं रक्त पाजतो अशी तेव्हाची समजूत, म्हणून तोही येशूचंच चिन्ह. कारागिरानं खरा पेलिकन बघितलेलाच नसायचा बहुतेक, त्यामुळे चोचीवर जाऊ नका, पिल्लं शोधा.

सिंह मात्र डोकं खातो. धार्मिक असू शकतो, नुसतं राजचिन्हही असू शकतं. ढाल आहे का बघा आणि शेपट्या मोजा, दोन असतील तर बोहेमियाचा असायची शक्यता बरीच. त्याच बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक भागात, यान हुस या धर्मसुधारकाला १४१५ मध्ये जाळल्यानंतर त्याच्या अनुयायांनी वाइनचा प्याला आपली खूण केली, तो प्याला आणि त्यांचे सैनिक टाइल्सवरही सापडतात, म्हणजे घर तापवता तापवता आपली बाजूही सांगून टाकायची.

आणि प्लीज, प्रत्येक गोष्टीत अर्थ शोधू नका. जॉर्ज उलट्या दिशेला बघतोय म्हणजे काही गूढ नाही, साचा कोरताना उलटं कोरायचं राहिलं की चित्र आरशातल्यासारखं येतं, अक्षरंसुद्धा. तयार टाइलवरूनच साचा काढून नक्कल केली तर माती वाळताना-भाजताना आकसते, म्हणून तेच चित्र जरा लहान आणि बोथट दिसतं. दोन फोटो शेजारी ठेवा, मापं बघा.

सराव करायचा तर पांडवलेणीला जा, तीन नंबरच्या लेण्यात पुढं खाली सहा जण अख्खा भार खांद्यावर घेऊन उभे आहेत आणि वर खांबांवर जनावरं. आधी कोण काय उचलतंय ते मोजा, शेपट्या नंतर.