बांगडी, फुगा आणि एनजीसी 1514

एनजीसी 1514 हा म्हाताऱ्या ताऱ्याने सोडलेल्या वायूचा तेजोमेघ, म्हणजेच प्लॅनेटरी नेब्युला. तो बघायला दुर्बिणीकडे जाण्याआधी घरात एक उद्योग करा. लांबट फुगा बांगडीतून अर्धा ओवा आणि फुगवा. (बांगडी प्लास्टिकची घ्या. काचेची घेतली म्हणून मी घरात बोलणी खाल्ली आहेत.) झाला डमरू. आता तोच फुगा टोकाकडून बघा: गोल!

म्हातारा तारा फुगून तांबडा राक्षसी होतो, तेव्हा जवळ फिरणारा सोबती त्याचा वायू घुसळतो. बराचसा वायू सोबत्याच्या कक्षेच्या पातळीत साचतो, ती आपली बांगडी. मागाहून आतून सुटलेला वेगवान वारा तिथे अडतो आणि दोन्ही ध्रुवांकडून फुगतो. एकट्या ताऱ्याचं कवच साधारण गोल व्हायला हवं, पण पाचातल्या चार प्लॅनेटरी नेब्युला गोल नसतातच.

आता आकाशात. डिसेंबरअखेरची बिनचांदण्याची रात्र निवडा. ययातीतला झीटा तारा धरा आणि पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे, साडेतीन अंश सरका. दहाच्या सुमारास एनजीसी 1514 जवळपास डोक्यावर येतो, पण तोवर थांबू नका. डॉब्सोनियन (जमिनीलगतच्या फिरत्या पाटावर बसवलेली दुर्बीण) सरळ वर रोखून हलवायची म्हणजे मान आणि दुर्बीण दोन्ही अडतात. मी वांगणीला आठ इंचीतून नऊलाच बघून घेतो.

पहिल्यांदा नुसता तारा दिसेल, तेजाने साडेनऊ प्रतीचा. ऑक्सिजन-तीन फिल्टर (तेजोमेघातल्या ऑक्सिजनचा प्रकाश तेवढा आत सोडणारी काच) आयपीसमध्ये बसवू नका, दोन बोटांत धरून डोळ्यासमोर आत-बाहेर करा. फिल्टर आला की तारा मंदावतो आणि भोवती धुरकट गोळा उमटतो. नजर थोडी तिरकी ठेवा.

गंमत अशी की तो ठळक तारा या वायूचा धनी नाही, तो सोबती! ए वर्गाचा, वायू उजळवण्याइतका तापलेला नाही. ते काम त्याच्या झगमगाटात लपलेला छोटा, तप्त तारा करतो. दोघांची एक फेरी सुमारे 9 वर्षांची. 13 नोव्हेंबर 1790 ला विल्यम हर्शेलने मधोमध तारा आणि भोवती तेज पाहिलं आणि सगळे तेजोमेघ म्हणजे दूरचे तारकापुंज हे आपलं मत सोडलं. सोबत्याची गोष्ट त्याला कुठून ठाऊक असणार!

डमरू मात्र शोधू नका. कडेचा उजेड एकसारखा नाही, एवढं टिपलंत तरी पुष्कळ. घरी आल्यावर वेब दुर्बिणीचं 2025 सालचं चित्र उघडा. त्यातली दोन कडी धुळीची आहेत, अवरक्त प्रकाशातच दिसणारी. आयपीसमधून ती कुणालाच दिसत नाहीत.