गोष्टीतली तिजोरी कशी घडवावी: एका तिजोरी मेकॅनिकचं म्हणणं

माझी भाची एकांकिका लिहिते. परवा संहिता घेऊन आली. चार चोर, एक तिजोरी आणि तिजोरीभोवती लाल किरणांचं जाळं. "मामा, कशी वाटली तिजोरी?" म्हटलं, "बाई, यात तिजोरी आहे कुठे? नुसते दिवे आहेत." अडकलेल्या तिजोऱ्या सोडवण्यात माझी तीस वर्षं गेली. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो, चोरांची गोष्ट रचणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

आधी तिजोरी करणारा माणूस ठरवा, आणि त्याला भरपूर गर्व द्या. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७९० मध्ये दुकानाच्या काचेमागे एक कुलूप मांडलं आणि उघडेल त्याला २०० गिनींचं बक्षीस लावलं. ते १८५१ पर्यंत कुणाला दाद देईना. मग अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज आला. १६ दिवसांत मिळून ५१ तास खपला, तेव्हा कुठे उघडलं. ब्रामा तोवर वारलेला होता. पण कुलूप साठ वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, म्हणून त्याची दंतकथा झाली. तेव्हा पहिल्या प्रवेशात तिजोरी आणूच नका. शिपाई, चहावाला, हरलेला एखादा म्हातारा चोर, यांना तिच्याबद्दल बोलू द्या.

मग आकडे. डायलवर १०० खुणा आणि तीन आकड्यांचा क्रम, म्हणजे १० लाख शक्यता. ऐकायला भारदस्त. पण भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन अमेरिकेत लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामावर होता, तेव्हा त्याला तिथल्या कपाटांच्या कुलपांत ढिलाई सापडली: आकडा दोन खुणा इकडेतिकडे झाला तरी चालतो. म्हणजे प्रत्येक आकड्याला १०० नव्हे, २०च जागा, एकूण ८,०००. आणि सहकाऱ्यांची कपाटं उघडी असताना गप्पा मारता मारता तो शेवटचे आकडे टिपून ठेवायचा. तुमच्या चोराला असली फट द्या. किरणांखालून कोलांट्या मारायला लावू नका, आमच्या हौशी नटांची कंबर धरते.

फट यंत्रात असण्यापेक्षा माणसात असली तर जास्त शोभते. एका पतसंस्थेत मी असे रोखपाल पाहिलेत: संध्याकाळी डायल पुरती फिरवायचेच नाहीत, दोन खुणा सरकवून निघायचे. का, तर सकाळी वाकून सगळा क्रम लावायला गुडघे साथ देत नाहीत! असं पात्र बसल्या जागी सुचत नाही. कुणाला तरी जवळून बघावं लागतं.

आता चोरांची वाट अडवा. जुन्या काळी दरोडेखोर रोखपालाला रात्री घरातून उचलून आणत. १८७३ मध्ये जेम्स सार्जंटने घड्याळाचं कुलूप आणलं. ठरलेली वेळ होईपर्यंत खुद्द मालकालाही दार उघडता येत नाही. बंदूक असून उपयोग नाही, नुसतं बसून राहायचं. चार चोर, एक ओलीस रोखपाल आणि सकाळी नऊला उघडणारं दार: अर्धी एकांकिका इथेच होते. शिवाय काही तिजोऱ्यांच्या दारात काचेची पट्टी असते. भोक पाडताना ती फुटली की जादा बोल्ट सुटतात आणि दार आणखी घट्ट बसतं. घाई करणाऱ्या चोरासाठी ती राखून ठेवा.

रंगमंचावर तिजोरी थर्माकोलची असली तरी वजन नटाच्या अंगात दिसलं पाहिजे. १ मीटर लांब-रुंद, १० सेंटिमीटर जाड पोलादी दार ७८५ किलो भरतं. ते झटक्यात उघडत नाही. सावकाश हलायला लागतं आणि एकदा हललं की थांबवायलाही जोर लागतो. आणि कृपा करून करकर आवाज घालू नका. चांगलं बसवलेलं दार मुकं असतं. ऐकू येतो तो फक्त बोल्टचा खट्ट.

आत काय ठेवायचं ते मला विचारू नका. दार उघडलं की माझं काम संपायचं, मी पाठ करून पावती लिहायचो.

भाचीने किरण काढले आणि गुडघे दुखणारा रोखपाल घेतला. तो खट्ट आम्ही घरातल्या जुन्या लोखंडी कपाटावर रेकॉर्ड केला, अकराव्या खेपेला जमला. आधीच्या दहांत कुठे ना कुठे कुकरची शिट्टी आहे.