पाच प्रश्न, एक फोन आणि चुकांची वही : गणिताचं सातत्यपूर्ण मूल्यमापन कसं करावं

छमाहीचा निकाल हातात येतो तेव्हा अपूर्णांकांचा धडा संपून दोन-तीन महिने झालेले असतात. मुलाला वीसपैकी नऊ मिळाले एवढं कळतं. बाकीचे अकरा कुठे गेले ते शोधायला शिक्षकाकडे वेळ नसतो आणि मुलालाही तो धडा नीटसा आठवत नसतो. गणितात हे फार महागात पडतं. सहावीत छेद समान करणं कच्चं राहिलं की आठवीत समीकरणं अडतात, आणि मग ‘याला गणितच जमत नाही’ असा शिक्का बसतो. इंदूरमध्ये शाळेत शिकवणाऱ्या, संध्याकाळी शिकवणी घेणाऱ्या किंवा घरीच मुलांचा अभ्यास घेणाऱ्या मराठी मंडळींसाठी, दर आठवड्याला थोडं थोडं मूल्यमापन कसं करायचं ते इथे सांगते.

कल्पना नवी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन स्पष्ट लिहिलेलं आहे. सीबीएसईने २००९ मध्ये नववी-दहावीसाठी अशी पद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती मागे घेतली. माझ्या मते नोंदी भरण्यातच शिक्षकांची शक्ती गेली आणि त्या नोंदींवरून दुसऱ्या दिवशी वर्गात काय करायचं, हे मागे पडलं. आता नोंदींचं काम फोन काही मिनिटांत करतो. वाचलेला वेळ त्या दुसऱ्या दिवसासाठी वापरायचा आहे.

१. आधी चुका गोळा करा

कुठलंही ॲप उघडण्याआधी एक धडा निवडा आणि त्यात मुलं नेमकी काय चुकतात ते एका वहीत लिहून काढा. मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका मिळाल्या तर उत्तम. काही चुका जवळपास प्रत्येक वर्गात भेटतात :

- ०.७ पेक्षा ०.३५ मोठे, कारण ७ पेक्षा ३५ मोठे.
- २/३ + १/४ = ३/७, म्हणजे वरचे वर आणि खालचे खाली मिळवले.
- ४२ − १७ = ३५. सात दोनातून जात नाहीत, म्हणून दोनच सातातून वजा केले.
- ८ + ४ = □ + ५ मध्ये चौकटीत १२ किंवा १७.

शेवटची चूक मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उत्तर ७ हवं. बारा लिहिणाऱ्या मुलाला बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी सूचना वाटते. सतरा लिहिणाऱ्याने दिसतील त्या सगळ्या संख्या मिळवल्या. दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात हे दोघांनाही कोणी दाखवलेलं नसतं. हे प्राथमिक शाळेत सुटलं नाही, तर सातवीत समीकरण सोडवणं म्हणजे नुसती चिन्हं इकडून तिकडे नेणं होऊन बसतं.

२. चुकीचे पर्याय विचारपूर्वक ठेवा

आठवड्याला पाच प्रश्न पुरतात. चार बहुपर्यायी ठेवा आणि एकात मुलाला आपली रीत दोन ओळींत लिहायला सांगा. खरी मेहनत पर्याय बनवण्यात आहे, कारण प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे वहीतली एक चूक असायला हवी. उदाहरणार्थ : राजवाड्याजवळच्या दुकानात ५०० रुपयांची साडी आधी १० टक्क्यांनी महागली, मग नव्या किमतीवर १० टक्के सूट मिळाली. आता किंमत किती? पर्याय : ५००, ४९५, ५५०, ४५०.

बरोबर उत्तर ४९५. पाचशे निवडणाऱ्याला वाटतं की वाढ आणि सूट एकमेकांना खाऊन टाकतात. दुसऱ्या वेळी टक्के ५५० वर काढायचे आहेत हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. साडेपाचशेवाला पहिल्या पायरीवर थांबला, साडेचारशेवाल्याने फक्त सूट वाचली. एका प्रश्नात तीन निदानं मिळतात. ‘यांपैकी नाही’ हा पर्याय टाळा, त्यातून काहीच हाती लागत नाही.

३. भाषेची अडचण वेगळी काढा

आपली मुलं घरी मराठी बोलतात आणि गणित हिंदीत किंवा इंग्रजीत शिकतात. घरी छेद, शाळेत हर. घरी लसावि, पुस्तकात लघुत्तम समापवर्त्य. हिंदीतल्या उनहत्तर (६९) आणि उन्यासी (७९) यांत गोंधळलेलं मूल बेरजेत कच्चं असेलच असं नाही. म्हणून प्रश्न शाळेच्या भाषेत लिहा आणि शंका आली की तोच प्रश्न नुसत्या आकड्यांत पुन्हा विचारा. आकड्यांत जमलं आणि शब्दांत अडलं, तर वाचनावर काम करायचं, गणित पुन्हा शिकवत बसायचं नाही.

४. उत्तरं गोळा करा

दोन सोपे मार्ग आहेत. मुलांच्या हातात फोन द्यायचा नसेल (लहान वर्गांत मी तो देऊच नये म्हणेन) तर प्लिकर्स या ॲपची कार्डं छापून घ्या. प्रत्येक मुलाला एक कार्ड मिळतं. त्यावरची काळी आकृती कुठली बाजू वर करून धरली आहे, त्यावरून चारपैकी एक पर्याय ठरतो. शिक्षकाने आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळ्यांची उत्तरं नोंदली जातात. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचं बघून धरता येत नाही, आणि एरवी हात वर न करणारं मूलही उत्तर देतं. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही.

मोठ्या मुलांसाठी गूगल फॉर्म्स चालेल. सेटिंगमध्ये ‘क्विझ’ सुरू करा, उत्तरसूची भरा, उत्तरं आपोआप तपासली जातात. पण उत्तर टाइप करायचं असेल तर जपा. १/२ आणि ०.५ ही दोन्ही रूपं, शिवाय देवनागरी आणि इंग्रजी असे दोन्ही आकडे, उत्तरसूचीत बरोबर म्हणून घाला. नाहीतर यंत्र बरोबर उत्तराला चूक ठरवतं आणि मूल हिरमुसतं.

५. पत्रक उभं वाचा

गोळा झालेल्या उत्तरांच्या पत्रकात आडव्या ओळीत मूल आणि उभ्या रकान्यात प्रश्न असतो. आपली नजर सवयीने आडवी जाते : कोणाला किती? आधी उभं वाचा. निम्म्याहून अधिक वर्गाने एकच चुकीचा पर्याय निवडला असेल, तर तो भाग दुसऱ्या तऱ्हेने पुन्हा शिकवायला हवा. तीन-चार मुलं असतील तर त्यांचा छोटा गट करा. एकटंच मूल असेल तर त्याच्याजवळ पाच मिनिटं बसून ‘हे कसं काढलंस?’ एवढंच विचारा आणि ऐका.

६. दुसऱ्या दिवशी ते डोळ्यांना दाखवा

इथे जिओजेब्रा फार कामाला येतो. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात सुरू केलेला हा प्रोग्रॅम विद्यार्थी-शिक्षकांना मोफत आहे आणि फोनवरही चालतो. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असं लिहिणाऱ्या मुलांसमोर अ + ब बाजूचा चौरस काढा आणि त्याचे चार तुकडे करा. अ ला ३ आणि ब ला २ द्या. पूर्ण चौरस २५ चा, आतले दोन चौरस मिळून १३. उरलेले १२ कुठे आहेत ते मुलांनाच शोधू द्या; ३ × २ चे दोन आयत त्यांना दिसतात. मग सरकपट्टीने अ आणि ब बदला, दोन आयत कायम राहतात. सूत्र पाठ करून घेण्याआधी हे दाखवा. दशांशांसाठी संख्यारेषा मोठी करत नेली की ०.३५ ही ०.७ च्या अलीकडे राहते हे मूल स्वतःच सांगतं.

७. साप्ताहिक चाचणीवर गुण लिहू नका

रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. फक्त शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली. शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा शेऱ्याचा तो फायदा दिसला नाही. मूल आकडा पाहतं आणि वाचायचं थांबतं. शेरा असा असावा : ‘छेद समान केलेस, छान. अंश मात्र तसेच राहिले. ते किती पटीने वाढायला हवेत?’ तो वाचून मुलाला पुढे काहीतरी करता आलं पाहिजे.

८. जुने प्रश्न परत आणा

पाचांपैकी एक प्रश्न मागच्या आठवड्यातला आणि एक महिन्यापूर्वीचा ठेवा, आकडे बदलून. त्या वेळी आलेलं आता येतं का, हे याशिवाय कळत नाही.

९. मुलांची माहिती जपा

ॲपमध्ये पूर्ण नावाऐवजी हजेरी क्रमांक वापरा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे, तेव्हा सुरुवातीलाच पालकांना पद्धत समजावून होकार घ्या. निकालाचं पत्रक व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, ज्याचं त्याला द्या. वर्ष संपलं की फॉर्ममधली उत्तरं पुसून टाका. चुकांची वही मात्र ठेवा, कारण पुढच्या तुकडीसाठी चुकीचे पर्याय तिच्यातूनच निघणार आहेत.