लॅपटॉपवर कॉपी, कट आणि पेस्ट: घोडं अडतं ते सिलेक्ट करताना

कॉपी-पेस्ट शिकवणारे बहुतेक जण "हवा तो मजकूर सिलेक्ट करा" एवढं एका दमात सांगून मोकळे होतात आणि मग कंट्रोल-सी, कंट्रोल-व्हीची कौतुकं सुरू करतात. मी हे अनेकांना शेजारी बसून शिकवलं आहे. कंट्रोल-सी दाबायला कुणालाच जड जात नाही. अडतात ते सगळे त्या पहिल्या वाक्यावर. मीही तिथेच अडले होते, म्हणून आधी तेच नीट सांगते.

ज्यातून घ्यायचं आणि ज्यात टाकायचं, त्या दोन्ही फाइल्स उघडून ठेवा. आता सिलेक्ट करू.

"क्लिक करून बोट ओढत न्या" हा सल्ला माउससाठी ठीक आहे. लॅपटॉपच्या टचपॅडवर तो लांब मजकुरासाठी साफ चुकीचा आहे. टचपॅड असतो तळहाताएवढा आणि मजकूर असतो दोन पानांचा. बोट कडेला पोचतं, तुम्ही ते उचलता आणि सिलेक्शन तिथेच तुटतं. न उचलता कडेला दाबून धरलं, तर पान भराभर खाली पळतं आणि हवी ती ओळ कधीच मागे पडलेली असते. सुरुवातीला मी एकेका उताऱ्यासाठी पाच-सहा वेळा हेच करत बसायचे आणि वाटायचं, आपला हातच वळत नाही. दोष हाताचा नव्हता, पद्धतीचा होता.

बरोबर पद्धत अशी. मजकुराच्या पहिल्या अक्षराच्या अगदी आधी एकदा क्लिक करा. तिथे कर्सरची उभी रेघ लुकलुकताना दिसली पाहिजे. ती दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. मग टचपॅडवर दोन बोटं फिरवून पान खाली न्या. या वेळात कुठेही क्लिक करायचं नाही आणि बाणांच्या कळांनाही हात लावायचा नाही, नाहीतर कर्सर जागा सोडेल. शेवटचं अक्षर दिसलं की डाव्या हाताने शिफ्ट दाबून धरा आणि त्या अक्षराच्या लगेच पुढे क्लिक करा. मधला सगळा मजकूर एकदम रंगीत होतो, मग तो दोन ओळींचा असो की वीस पानांचा. शेवट एखाद-दुसऱ्या अक्षराने चुकला, तर शिफ्ट धरूनच डावा किंवा उजवा बाण दाबा, कड एकेक अक्षर सरकते. सुरुवात चुकली असेल तर डागडुजी करत बसू नका, पहिल्यापासून करा. दहा सेकंदांचं काम आहे.

थोडक्या मजकुरासाठी एवढंही लागत नाही. शब्दावर दोनदा क्लिक केलं की तो शब्द आणि वर्डमध्ये किंवा ब्राउझरमध्ये तीनदा केलं की अख्खा परिच्छेद सिलेक्ट होतो. सगळीच फाइल हवी असेल तर कंट्रोल-ए.

आता एक धोका, जो कुणीच आधी सांगत नाही. मजकूर रंगीत झाला की तो सगळा एका कळेच्या दाबावर उभा असतो. कंट्रोल नीट दाबली गेली नाही आणि नुसती सी दाबली गेली, तर अख्खा उतारा पुसला जातो आणि त्याच्या जागी एकटं अक्षर उरतं. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर (मराठी टायपिंगच्या एका मांडणीवर) असेल तर ते अक्षर असतं 'म'. पानभर मजकुराच्या जागी एकुलता 'म' पाहून रडकुंडीला आलेली माणसं मी पाहिली आहेत. अशा वेळी दुसरं काहीही न करता कंट्रोल-झेड दाबा, सगळं परत येतं. हे टाळायचं असेल तर आधी कंट्रोल पूर्ण दाबा, ती धरून ठेवा आणि मगच सी ला हळूच टिचकी मारा. दोन्ही कळा एकदम दाबायला जाऊ नका. आणि खाली डाव्या कोपऱ्यातली कळ खरंच कंट्रोल आहे का, तेही बघा. काही लॅपटॉपवर तिथे एफएन असते आणि कंट्रोल तिच्या शेजारी. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड वापरायची.

कॉपी: कंट्रोल-सी. पेस्ट: जिथे हवं तिथे क्लिक करून कंट्रोल-व्ही. यात याहून जास्त काही नाही.

कट मात्र जपून करा. कंट्रोल-एक्स दाबलं की मजकूर मूळ जागेवरून जातो आणि क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी-कट केलेलं तात्पुरतं ठेवण्याच्या लॅपटॉपमधल्या जागेत, जाऊन बसतो. या क्लिपबोर्डवर एका वेळी एकच गोष्ट मावते. मी एकदा चार परिच्छेद कट केले, ती फाइल सेव्ह करून बंद केली आणि दुसऱ्या फाइलमध्ये पेस्ट करण्याआधी सहज एक शीर्षक कॉपी केलं. पेस्ट केलं तर शीर्षकच आलं. चार परिच्छेद कायमचे गेले, कारण फाइल बंद केल्यावर कंट्रोल-झेडचाही उपयोग नव्हता. तेव्हापासून एका फाइलमधून दुसरीत काही न्यायचं असेल तर मी कट करतच नाही. कॉपी करते, नव्या जागी नीट आलेलं बघते, मग जुनं पुसते. तुम्हीही असंच करा. कट ठेवा त्याच पानावर वाक्य वर-खाली हलवण्यापुरतं.

विंडोजवर एक आधार आहे. 2018 पासून विंडोज 10 मध्ये आणि पुढे विंडोज 11 मध्ये, विंडोजची कळ धरून व्ही दाबली की क्लिपबोर्डचा इतिहास उघडतो. पहिल्यांदा तो चालू करावा लागतो. मग शेवटच्या 25 गोष्टी तिथे राहतात. लॅपटॉप रीस्टार्ट केला की पिन केलेल्या (त्या यादीत जपून ठेवायची खूण केलेल्या) सोडून बाकीच्या जातात. पासवर्ड कॉपी केला असेल तर तोही त्या यादीत दिसू शकतो, तेव्हा तो तिथून लगेच काढून टाका.

पेस्ट केल्यावर भलताच फॉन्ट, भलताच रंग आला तर कंट्रोल-झेड करा आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबा. बऱ्याच ठिकाणी याने नुसता मजकूर येतो. नाहीच चाललं तर आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि तिथून परत कॉपी करा. जुन्या, युनिकोड (फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षर मराठीच ठेवणारी पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमधल्या मजकुराला मात्र हा उपाय लावू नका. तो फॉन्ट निघून गेला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिडा उरतो. तो मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये करून घ्यावा लागतो.

फाइल्सनाही हेच तीन शॉर्टकट चालतात. फरक एवढाच की विंडोजमध्ये कट केलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिचं चित्र फिकट होतं आणि पेस्ट करेपर्यंत ती जागेवरच राहते. मॅकवर फाइल हलवायची तर कमांड-सी आणि मग कमांड-ऑप्शन-व्ही. पेनड्राइव्हवर नेताना मात्र फक्त कॉपी करा. तिथली फाइल उघडून, शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघा, पेनड्राइव्ह इजेक्ट करून काढा आणि त्यानंतरच लॅपटॉपवरची फाइल डिलीट करा.